मत द्यायचे, मांडायचे नाही!

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी एकदाची पार पडली. ‘एकदाची’ म्हणावयाचे कारण उघड आहे. मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना स्वच्छ शब्दांत सांगते. परंतु ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागांच्या संख्येचा वाद, न्यायालयातील तारखा आणि सत्ताधाऱ्यांची सोय या चार गोष्टींच्या चक्रात जवळजवळ चार वर्षे निघून गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये खडसावले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. या काळात देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका एका प्रशासकाच्या सहीने चालली. २०२५-२६ या एका वर्षाचा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प असा मंजूर झाला, की त्यावर एकाही लोकनियुक्त प्रतिनिधीला सभागृहात उभे राहून चार शब्द बोलता आले नाहीत. आणि एवढ्या प्रतीक्षेनंतर मतदान झाले, तेव्हा निम्म्याच्या आसपास मतदारच मतदानकेंद्रावर फिरकले.

आता या न फिरकलेल्या माणसाला दोष देण्याची अहमहमिका सुरू होणे स्वाभाविकच होते. सुखवस्तू वर्तुळांत ‘लोकच असे आहेत’ हे वाक्य पुन्हा एकदा ऐकू आले. परंतु हा माणूस निर्विकार आहे काय? ज्याला तसे वाटत असेल त्याने कुर्ल्याच्या किंवा घाटकोपरच्या बसथांब्यावर सकाळी अर्धा तास उभे राहावे. तेथे मतांचा दुष्काळ नाही. पावसाळ्यात तुंबणारे पाणी, खोदून ठेवलेले रस्ते, मुलाच्या शाळेची फी, घरभाडे, दिल्लीचे राजकारण, पाकिस्तान, क्रिकेट, सोन्याचा भाव अशा प्रत्येक विषयावर त्याचे ठाम मत आहे. ते तो मोठ्याने सांगतो आणि हातातल्या फोनवर रोज दहा ठिकाणी पाठवतोही. मत मांडण्याची इतकी साधने सामान्य माणसाच्या हाती यापूर्वी कधीच नव्हती. आणि त्याच्या मताने काही हलण्याची शक्यताही इतकी कमी क्वचितच झाली असेल. ही विसंगती कशी निर्माण झाली, हा प्रश्न राजकीय कार्यकर्त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

बसचेच पाहा. खाजगी कंपनीच्या हाती असलेली वीज आणि वाहतूक व्यवस्था मुंबई महानगरपालिकेने ऑगस्ट १९४७ मध्ये ताब्यात घेतली. देश स्वतंत्र होण्याच्या आठवडाभर आधी या शहराने आपली बस सार्वजनिक मालकीची केली, ही गोष्ट मुंबईकरालाच आता ठाऊक नसते. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ पर्यंत ही संख्या तीन हजारांच्याही खाली आली. त्यातही उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काहीशेच उरल्या. बाकीच्या ठेकेदारांच्या, चालकही ठेकेदाराचा. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. गाड्या कमी आणि भाडे दुप्पट, हा हिशेब थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही अर्थतज्ज्ञाने समजावून द्यावा लागत नाही. तो त्याला पायांतून कळतो.

त्याला जे दिसत नाही ते असे की, पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून जो सागरी किनारा मार्ग बांधला, त्यावर स्कूटरलादेखील मज्जाव आहे. आणि त्याच पालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी आले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवणारे कोणी सभागृहात नव्हते, कारण सभागृहच नव्हते. आणि थांब्यावरचा माणूस फोन उघडतो तेव्हा त्याला या दोन आकड्यांऐवजी दुसरेच काही दिसते. परप्रांतीय किती आले, कोणाची वस्ती किती वाढली, कोणाचे भोंगे किती वाजतात, हेच त्याच्यापुढे येते. बस वेळेवर का येत नाही या त्याच्या अनुभवाला उत्तर मिळते ते शेजारच्या माणसाकडे बोट दाखवणारे.

सामान्य माणसाच्या मतांचे असे दोन थर झाले आहेत. पाणी, बस, भाडे, दवाखाना यांविषयीचे त्याचे मत अनुभवातून येते आणि बहुधा अचूक असते. देश, धर्म, इतिहास, अर्थकारण यांविषयीचे मत त्याला तयार शिजवलेले घरपोच मिळते. पहिल्या मताला शहराच्या कारभारात जागा नाही. दुसऱ्या मताला मात्र निवडणुकीच्या बाजारात मोठी किंमत आहे.

तयार मत घरपोच मिळण्यात काय धोका आहे, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी निघालेली ही भटकी माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा संदेश त्या भागातल्या फोनांवर कित्येक दिवस फिरत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांचा जीव घेण्यात आला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाने कोरान्न घातले, त्याच समाजाच्या माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा फोनमधला मजकूर गावाला अधिक खरा वाटला. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. माणसे मेल्यावर गाळणी बसवण्याची ही तत्परता!

आणि गाळणीने फारसे काही गाळलेही नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले. चोर फिरताहेत, मुले पळवणारे फिरताहेत, अशी बोलवा त्या आदिवासी भागात होती. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले. मग दुसरी अफवा निघाली, की ही हत्या एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी केली. ही अफवा अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पाड्यांवर निघालेली नव्हती. ती शहरांतल्या सुशिक्षित गटांतून आणि दूरचित्रवाणीच्या झगमगत्या दालनांतून पसरली. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. यादी किती जणांनी वाचली? अफवा मात्र घरोघर पोचली होती. निरक्षर माणूस अफवांना भुलतो आणि शिकलेला माणूस विचार करतो, ही जी समजूत मध्यमवर्गाने जपून ठेवली आहे, तिला या एका प्रकरणानंतर तरी रजा द्यावयास हवी होती.

कोणी म्हणेल, अफवा पूर्वीही होत्या. निःसंशय होत्या. परंतु चाळीच्या गॅलरीत अफवा सांगणाऱ्याचे तोंड दिसत असे. हा कोण, याची उधारी किती, हा कालही खोटे बोलला होता की नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आता मजकुराला तोंड नाही. शिवाय त्या गॅलरीचा मालक कोणी परदेशी भांडवलदार नव्हता आणि लोक जितके अधिक भांडतील तितका त्याचा नफा वाढत नव्हता. समाजमाध्यमांच्या कंपन्या लोकांचे लक्ष जाहिरातदारांना विकतात, आणि शांत माणसापेक्षा संतापलेल्या माणसाचे लक्ष अधिक काळ पडद्याला चिकटून राहते. एवढा साधा व्यापार आहे. त्याला ‘लोकशाहीकरण’ म्हणणाऱ्यांनी नफा कोठे जातो ते पाहावे.

आता दुसरी बाजू. तयार मत बिनदिक्कत फिरते. मग सामान्य माणसाने स्वतःचे मत मांडले तर काय होते? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि परिसर बंद राहिला. पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर शांतपणे विचारले, की शहर बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींना पोलिसांनी अटक केली. तिच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या मजकुरात शिवीगाळ नव्हती, चिथावणी नव्हती. शहराच्या जीवनाविषयी एका नागरिकाने विचारलेला तो एक प्रश्न होता, आणि बसथांब्यावर त्या दिवशी तो अनेकांनी दबक्या आवाजात विचारलाही असेल. तिने तो लिहिला, एवढाच फरक.

हे प्रकरण पुढे गेले म्हणून देशाचा कायदा बदलला. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरले. हा विजय लहान नव्हे. परंतु रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस ठाण्यांतून गुन्हे नोंदवले जातच राहिले, आणि २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. कायदा दिल्लीत मरतो. ठाण्याच्या टेबलावर तो बराच काळ जिवंत राहतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कारभाराविषयी काय खोटे आणि काय खरे हे ठरविण्याचा अधिकार स्वतःच्याच एका कक्षाला देऊ केला. आरोपीनेच न्यायाधीश नेमावा, त्यातला हा प्रकार. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरविला. आणि जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या होत्या. त्या पाठवणारे बहुतेक सामान्य लोकच होते, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. लोक बोलत नाहीत असे म्हणणाऱ्यांसाठी.

सामान्य माणसाच्या एका मताला मात्र आज तत्काळ वजन आहे. जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या किंवा रिक्षा-टॅक्सी चालविणाऱ्या माणसाला तो फोनवर किती तारे देतो, ते मत! तीन जिने चढून आलेल्या तरुणाला पावसामुळे दहा मिनिटे उशीर झाला आणि गिऱ्हाइकाने दोन तारे दाबले, तर त्याची नोंद होते, त्याचे काम कमी होऊ शकते, खातेही बंद पडू शकते. चौकशी नाही, नोटीस नाही, बाजू मांडण्यासाठी समोर माणूस नाही. गिरणीत जॉबर होता, मुकादम होता; त्याच्यापुढे निदान उभे राहून भांडता येत असे. कंपनीने मुकादमाचा पगार वाचविला आणि त्याचे काम गिऱ्हाइकाकडून फुकट करून घेतले. एका श्रमिकाच्या हातून दुसऱ्या श्रमिकाची शिक्षा! कारण हे तारे देणारे सगळेच काही मलबार हिलवर राहत नाहीत. दिवसभर कारकुनी करून आलेला, स्वतःच्या वरिष्ठांपुढे तोंड न उघडणारा माणूसच बहुधा ते देतो. ज्याचे मत पालिकेत, कचेरीत आणि विधानसभेत कोणी विचारीत नाही, त्याला एवढ्या एका जागी सत्ता गाजविता येते.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा कामांवर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि ती २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख आला, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असेही म्हटले गेले. पण त्यांना कामगार म्हणावयास कायदा अजून कचरतो, त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या श्रमिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. कामगार चळवळीचे माहेरघर म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला त्यांच्या मागे राहण्याची लाज वाटावयास हवी.

या तयार मतांपैकी एकाचा समाचार घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण ते पक्षाच्या सहानुभूतीदारांच्या तोंडीही आता ऐकू येते. ‘आमच्या कराच्या पैशांवर फुकट्यांना पोसतात.’ जुलै २०२४ पासून राज्यात गरीब कुटुंबांतील बहिणींना दरमहा दीड हजार रुपये मिळू लागले, तेव्हापासून या वाक्याला ऊत आला. ही योजना निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून आणली गेली, हे उघड आहे, आणि तिच्यावर टीका करावयास पुष्कळ जागा आहे. सन्मानाचे काम आणि वेतन देण्याऐवजी ओवाळणी देऊन मते मागणे हा काही समाजवाद नव्हे. पण ‘आमचा कर’ म्हणजे कोणाचा? धुणीभांडी करणारी बाई साबण, बिस्किटे आणि फोनचा रिचार्ज विकत घेताना जीएसटी भरत नाही काय? आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला, वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्या दिवशी फुकटेगिरीवर किती संदेश फिरले? कारकुनाला मोलकरणीच्या दीड हजारांचा राग येतो आणि उद्योगपतींच्या लाखभर कोटींची खबर नसते, यात त्याच्या स्वभावाचा दोष थोडा आणि पुरवठा करणाऱ्यांचे कौशल्य अधिक आहे.

मग करावयाचे काय? पक्षाच्या बैठकांतून याचे एक उत्तर हमखास ऐकू येते. आपलाही गट काढावा, आपलेही संदेश सोडावेत, त्यांच्या दहांना आपले वीस. हे उत्तर पोरकट आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याच मैदानावर, त्यानेच आखलेल्या नियमांनी खेळण्याचा हा हट्ट आहे. संदेश पाठवू नयेत असे कोणी म्हणणार नाही. मोर्चाची वेळ कळवावयास फोनइतके सोयीचे साधन नाही. परंतु मत तेथे घडत नाही, तेथे ते फक्त फिरते.

मृणाल गोरे यांना गोरेगावकरांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते त्यांच्या भाषणांमुळे नव्हे. कोणत्या वस्तीत किती घरांमागे एक नळ आहे आणि तो किती वाजता कोरडा पडतो, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. १९७२ नंतर महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यांवर ज्या बायका लाटणी घेऊन उतरल्या, त्यांत समाजवादी होत्या, कम्युनिस्ट होत्या आणि कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या हजारो गृहिणी होत्या. रॉकेल आणि तेल मिळत नाही, हे प्रत्येकीचे स्वयंपाकघरातले मत होते. रांगेत उभ्या असताना ते एकमेकींना कळले आणि त्याचे राजकारण झाले. आजची रांग फोनमध्ये गेली आहे. पालिकेच्या ॲपवर प्रत्येकजण आपापल्या खड्ड्याचे छायाचित्र काढून पाठवतो, त्याला आपापला तक्रार क्रमांक मिळतो, आणि काही दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो. खड्डा तेथेच असतो. एकाच गल्लीतल्या चाळीस जणांनी चाळीस तक्रारी केल्या, हे त्या चाळिसांना कधीच कळत नाही. तक्रारीची सोय झाली. तक्रारदारांची भेट चुकली.

ही भेट घडविणारे जे कोणी आहेत, त्यांच्याकडे पाहिले तर निराश होण्याचे कारण नाही. पाणी हक्क समितीने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वर्षानुवर्षे बैठका घेऊन, कागद जमवून न्यायालयात लढा दिला. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वस्ती अधिकृत असो वा नसो, माणसाला पाणी नाकारता येणार नाही असे सांगितले. २०२२ मध्ये पालिकेला ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणणे भाग पडले. अंमलबजावणीची रड कायम आहे, ती असणारच. पण ‘बेकायदा वस्तीला पाणी कशाला?’ हे तयार मत ज्या माणसांच्या तोंडी सहज बसते, त्यांच्यातल्याच काहींनी ओळीत उभे राहून अर्ज भरले, हे विसरता येणार नाही.

आता सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे आणि २२७ नगरसेवक आहेत. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. ती कशीही भरो, तेथे उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. शहरातल्या माणसाला तसे काहीच नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली, ती कागदावरून खाली उतरली नाही. प्रभाग समित्या आहेत, पण एका समितीच्या हद्दीत लाखो लोक येतात आणि सामान्य नागरिकाला तिच्या बैठकीची तारीखही कळत नाही. क्षेत्रसभा भरवा, ही मागणी निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेवकापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, पहिल्या सहा महिन्यांत गेली पाहिजे. तो टाळील. तेव्हा वस्तीनेच सभा बोलवावी आणि त्याला निमंत्रण द्यावे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही. विषयपत्रिका मोठी नको. या प्रभागात बस किती मिनिटांनी येते, नळाला पाणी किती वेळ टिकते, दवाखान्यात औषध मिळते की चिठ्ठी, आणि डबे पोचविणाऱ्या पोरांना सावलीत बसावयास व लघवीला जावयास जागा कोठे आहे. फोनवरचे राष्ट्रीय प्रश्न कोणी काढलेच, तर तेही बोलू द्यावेत. समोर शेजारी बसलेला असताना माणूस वेगळ्या सुरात बोलतो. बहुतेक वस्त्यांत पालिकेच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. सभेची वेळ मात्र वस्तीतल्या पाण्याची वेळ पाहून ठरवावी, नाहीतर बायका येणार नाहीत.